आमच्या पुळणीवर कासवं येतात, राखण कशी सुरू करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावच्या पुळणीवर लागोपाठ दोन हिवाळे कासविणीच्या खुणा दिसल्या. काही घरटी कुत्र्यांनी उकरली, काहींतली अंडी कुणीतरी नेली. आता गावातल्या तरुणांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या धर्तीवर हॅचरी (अंडी हलवून राखायची कुंपणाची जागा) बांधायची आणि मार्चमध्ये कासव महोत्सव भरवायचा असं ठरवलंय. सुरुवात कुठून करायची, परवानगी कुणाची लागते, आणि हे गावाच्या बळावर टिकेल का, हे तुम्हाला हवंय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. महोत्सव या वर्षी नको. हॅचरीचा निर्णयसुद्धा लगेच करू नका. पहिला हंगाम पहाटे किनारा चालण्यात, नोंदी ठेवण्यात आणि गावातल्या ठरावीक माणसांशी बोलण्यात घालवा. किती पिल्लं सोडली हा आकडा फोटोबरोबर छान दिसतो, पण त्यावरून कासवं वाचली की नाही ते कळत नाही. कासविणीनं जिथं अंडी घातली तिथंच ती सुखरूप राहिली, आणि त्यासाठी माणसाला कमीत कमी हात लावावा लागला, तर गावाची राखण जमली असं मी मानतो. हॅचरी लागते ती नाइलाज असतो तिथं.

वेळासचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून तिथली सुरुवात आठवून देतो. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे लोक समुद्री गरुडाची पाहणी करत मंडणगड तालुक्यातल्या त्या किनाऱ्यावर पोचले होते. तिथं त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. पुढं घरटी राखायला सुरुवात झाली. महोत्सव त्यानंतर काही वर्षांनी आला. त्या मधल्या वर्षांत पाहुणे नव्हते, कॅमेरे नव्हते. होती ती रोजची गस्त आणि गावाशी जुळत गेलेलं नातं. आज बाहेरून पाहणाऱ्याला फक्त महोत्सव दिसतो आणि मग प्रत्येक गावाला वाटतं की तिथूनच सुरुवात करावी.

आता सगळ्यात महत्त्वाच्या माणसाबद्दल. तुमच्या गावात कासवाची अंडी काढणारा कोण आहे, हे गावाला ठाऊक असतं. एक किंवा दोनच जण असतात. तरुण मंडळी उत्साहात पहिल्यांदा त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला निघतात. माझा आग्रह आहे की आधी त्यांच्या घरी जा. कोकणात आज कासवमित्र म्हणून काम करणाऱ्यांत पूर्वी अंडी काढणारे लोक आहेत, आणि ते उत्तम काम करतात. कारण साधं आहे: घरटं कुठं आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही.

रत्नागिरीतल्या एका गावात असे एक काका आमच्याबरोबर चालायचे. कासवीण वर येते आणि परत जाते, अशा दोन खुणा वाळूत राहतात. मध्ये वाळू उडवल्याचा एक विस्कटलेला पट्टा असतो. आम्ही त्या पट्ट्याच्या मधोमध शोधायचो, कारण तिथं सगळ्यात जास्त वाळू उकरलेली दिसते. काका तिकडे बघायचेच नाहीत. ते खाली बसून ओल्या वाळूचे खडे कुठं पडलेत ते बघत. खालची दमट वाळू वर येते ती घरट्याच्या तोंडातूनच. मग अनवाणी टाच हलकेच टेकवत पुढं जायचे. एका जागी टाच जराशी खचली की म्हणायचे, "हितं." अंडी काढणारे बरेच जण सळई खुपसून बघतात, त्यात वरची चार-सहा अंडी फुटतात आणि मग बुरशी नि मुंग्या सगळं घरटं खातात. काकांनी सळई कधीच वापरली नव्हती. त्यांची टाच हे आमच्या गस्तीचं सगळ्यात भरवशाचं साधन होतं, आणि त्यांनी ते पुढं दोन पोरांना शिकवलं.

अशा माणसाला रोजंदारी द्या. मान द्या, तो तर द्याच, पण पैसेही द्या. अंड्यांतून त्याला चार पैसे मिळत होते आणि घरात खायलाही होत होतं. ते बंद करायला सांगताना बदल्यात काहीच न देणं हा अन्याय आहे, आणि अन्यायावर उभी केलेली राखण पुढच्या हंगामापर्यंतही पोचत नाही. कायद्याचं सांगायलाही कचरू नका, फक्त ते शेवटी सांगा. आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी नेणं हा शिकारीइतकाच गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे.

हाच कायदा तुम्हालाही लागू आहे, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. चांगल्या हेतूनं केलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय अंडी हलवणं बेकायदा आहे. आधी ग्रामसभेचा ठराव घ्या, ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असतेच, तिला यात घ्या, आणि मग वनक्षेत्रपालांकडे किंवा तुमच्या किनाऱ्याची जबाबदारी वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे असेल तर त्यांच्याकडे लेखी अर्ज करा. ठराव आधी असला की पुढचं सोपं जातं, कारण मग चार पोरांची हौस न राहता ते गावाचं काम होतं. लोक जैवविविधता नोंदवहीत कासवाच्या घरट्यांची जागा नकाशासह लिहून घ्या. त्याचा उपयोग पुढं सांगतो.

गस्त. ऑलिव्ह रिडले आपल्याकडे साधारण नोव्हेंबर ते मार्च, कधी एप्रिलपर्यंत अंडी घालतात. कासवीण रात्री येते, तासाभराच्या आत काम उरकून जाते. हे कासव समुद्री कासवांत आकारानं लहान, पस्तीस ते पन्नास किलोचं. त्यामुळं त्याची खूण उथळ असते, वारा सुटला की सकाळी दहापर्यंत पुसून जाते. म्हणून पहाटे उजाडण्याआधी निघायचं. खूण सुमारे पाऊण मीटर रुंद असते, आणि डाव्या-उजव्या वल्ह्यांचे, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांचे, ठसे एकाआड एक पडलेले दिसतात. ठसे समोरासमोर जोडीनं आणि पट्टा बराच रुंद असेल तर ते हिरवं समुद्री कासव असू शकतं. तेव्हा खुणेजवळ पट्टी ठेवून फोटो काढा आणि लगेच कळवा. कधी कासवीण वर येते, फिरते आणि अंडी न घालताच परत जाते. तीही नोंद करा. एकाच जागेवरून ती वारंवार परतत असेल तर तिथं दिवा, आवाज किंवा वर्दळ यातलं काहीतरी तिला खटकतंय.

आणि रात्री कासवीण प्रत्यक्ष दिसली तर? टॉर्च बंद, बोलणं बंद, जिथं आहात तिथं खाली बसा. अंडी घालायला सुरुवात होईपर्यंत ती अतिशय बिचकी असते. खड्डा बुजवल्यावर ती अंग डावीकडे-उजवीकडे आपटून वाळू दाबते, ते धप्-धप् दुरूनही ऐकू येतं. ते ऐकायला मिळालं की माणूस पुढच्या हंगामात आपणहून गस्तीला येतो, असा माझा अनुभव आहे. फ्लॅश मारून फोटो काढणारा माणूस मात्र गस्तीवर एकदाही नको, मग तो गावातला कितीही मोठा असो.

आता खरा प्रश्न: घरटं सापडलं, पुढं काय करायचं?

आधी बघा की ते उधाणाच्या भरतीरेषेच्या वर आहे का. रोजच्या भरतीची रेषा धरू नका. अमावस्या-पौर्णिमेचं पाणी कुठवर येतं ते बघा. दोन महिन्यांत अशी उधाणं चार वेळा येणार. घरटं त्या रेषेच्या वर असेल, वाळू खचत नसेल आणि रोज एक फेरी मारता येत असेल तर अंड्यांना हात लावू नका. घरट्यावर बांबूच्या कामट्यांची जाळी वाळूत थोडी पुरून बसवा. कुत्रं-कोल्हं उकरू शकणार नाही, पण पिल्लू वर येऊ शकेल इतकी भोकं ठेवा. लोखंडी पिंजरा शक्यतो टाळा. पिल्लं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा माग घेऊन जन्मकिनाऱ्याची ओळख ठेवतात असं मानलं जातं, आणि घरट्याभोवती लोखंड नसलेलं बरं. खुणेचा झेंडा मात्र घरट्यावर लावू नका. बाजूच्या झाडापासून इतके मीटर, असं वहीत लिहा. झेंडा म्हणजे अंडी नेणाऱ्याला दिलेलं आमंत्रण.

भरतीरेषेच्या खाली, ओढ्याच्या तोंडाशी, वाहनं फिरतात तिथं किंवा जिथं राखण अशक्यच आहे अशा जागी घरटं असेल तरच हलवा. आणि हलवायचं तर घड्याळ बघून. अंडी घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं किंवा हिसकलं तर गर्भ मरतो, आणि बाहेरून अंडं ठणठणीत दिसत राहतं. सहा तासांच्या आत हलवलेली अंडी बहुतेक वाचतात. पहाटेच्या गस्तीत सापडलेलं घरटं मध्यरात्रीचं असू शकतं, म्हणून तिथं "आधी चहा घेऊ, मग बघू" चालत नाही. दुपारी सापडलेल्या किंवा कालच्या घरट्याला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा. बऱ्याचदा ते तिथंच ठेवून संरक्षण देणं जास्त फायद्याचं असतं.

हाताला साबण, डास पळवायचं मलम, तंबाखू काहीही नको. घरट्याची खोली सुमारे दीड फूट, वरती अरुंद गळा आणि खाली फुगीर पोट, एखाद्या सुरईसारखा आकार. शंभराच्या आसपास अंडी असतात, टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, आणि कवच कडक नसून चिवट, दाबलं तर खळगा पडणारं. त्यांच्यावरचा चिकट ओलावा पुसू नका. एकेक अंडं दोन बोटांत धरून, जसं आलं तसंच, न फिरवता बादलीत ठेवायचं. बादलीच्या तळाशी त्याच घरट्यातली ओली वाळू. बादली मोटारसायकलला लटकवू नका. माणसानं हातात धरून, हळू चालत न्यायची. मोजताना मनात मोजायचं, एकानं लिहायचं. हे वाचायला किचकट वाटतं, पण दोन घरटी कुणा जाणत्यासोबत हलवली की हात बसतो. पहिली दोन घरटी त्या जाणत्या माणसाशिवाय हलवूच नका.

हॅचरीची जागा उधाणाच्या पाण्यापासून वर, उघड्यावर, मुळांपासून लांब. मागच्या वर्षीची जागा या वर्षी वापरायची नाही, कारण त्या वाळूत कुजलेल्या अंड्यांची बुरशी आणि किडे राहतात. कुंपण वाळूत फूटभर तरी खाली न्या, नाहीतर कुत्री खालून येतात आणि कुर्ल्या तर येतातच. खड्डा मूळ घरट्याच्याच खोलीचा आणि त्याच आकाराचा हवा. दोन घरट्यांमध्ये मीटरभर अंतर ठेवा, चालायला जागा लागते आणि प्रत्येक घरट्याला हवाही. आधी ओली वाळू, वर कोरडी. पाणी घालू नका. उन्हाळा वाढला की लोकांना अंड्यांची दया येते आणि हंडाभर पाणी ओततात. त्यानं अंडी गुदमरतात. फारच तापत असेल तर झापांची विरळ सावली घाला.

या तापण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूचं तापमान ठरवतं. उबवणीच्या मधल्या तिसऱ्या भागातलं तापमान निर्णायक असतं. तिशीच्या आसपास एक उंबरठा आहे. त्याखाली नर जास्त, त्यावर माद्या जास्त, आणि फारच वर गेलं तर पिल्लं आतच मरतात. किनाऱ्यावरची घरटी इथं-तिथं विखुरलेली असतात, कुठलं मर्यादवेलीच्या आडोशाला, कुठलं उघड्यावर, कुठलं ओलसर जागी. त्यामुळं निसर्गात नर-माद्यांची सरमिसळ आपोआप होते. हॅचरीत आपण सगळी घरटी एकाच चौकटीत, एकाच उन्हात आणून बसवतो. वर्षानुवर्षं एकाच प्रकारची पिल्लं सोडत राहण्याचा धोका त्यात आहे, आणि तो त्या हंगामात कुणालाच दिसत नाही. जागच्या जागी राखण करा असं मी इतक्या आग्रहानं म्हणतो त्याचं हे सर्वांत मोठं कारण. हॅचरी केलीच तर घरट्याच्या खोलीवर वाळूचं तापमान मोजत राहा आणि अर्ध्या भागावर सावली, अर्धा उघडा असं ठेवा.

पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं येतात. त्याआधी घरट्याच्या जागेवर वाळू जराशी बसते, वाटीएवढा खळगा पडतो. तो दिसला की एक-दोन रात्रींतली गोष्ट. हॅचरीत त्यावर वेताची किंवा बांबूची टोपली ठेवतात, आणि इथं हयगय झाली तर दोन महिन्यांची मेहनत एका सकाळी जाते. पिल्लं बहुधा वाळू थंड झाल्यावर, रात्री किंवा पहाटे वर येतात. टोपलीखाली अडकलेलं पिल्लू दहा वाजताच्या उन्हात वाचत नाही. शेवटच्या दिवसांत रात्रभर दर अर्ध्या तासानं टोपल्या बघणारा माणूस हवा, झोपाळू नको.

आलेली पिल्लं लगेच सोडायची. अंड्यातल्या बलकाची शेवटची शिदोरी पोटात असते, तिच्या जोरावर पहिला दिवसभर ती न थांबता पोहत खोल समुद्र गाठतात. बादलीत किंवा टबात धरून ठेवली तर ती तिथंच पोहून ती शिदोरी संपवतात. म्हणूनच पाहुणे सकाळी सातला येणार म्हणून रात्री दोनची पिल्लं थांबवून ठेवणं मला मान्य नाही, ते कुठंही होत असो. पाण्यात नेऊन सोडायचीही नाहीत. पाण्यापासून पाच-दहा मीटरवर ओल्या वाळूत ठेवा, ती स्वतः चालत जातील. रोज जागा बदला, नाहीतर कावळ्यांना आणि माशांना वेळ नि ठिकाण दोन्ही कळतं. मुख्य पिल्लं निघाल्यावर दोन दिवसांनी घरटं उघडून रिकामी कवचं, न फुटलेली अंडी, मेलेली पिल्लं वेगवेगळी मोजा आणि लिहा. हे काम घाणेरडं आहे, वास येतो, तरुणांना नको असतं. पण कुठं काय बिघडलं हे त्याच मोजणीतून कळतं.

महोत्सवाचं आता बोलू. मी त्याच्या विरोधात नाही. वेळास, आंजर्ले अशा गावांत पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय घराघरांत होते आणि कासवामुळं हंगामात पैसा येतो, ही मोठी गोष्ट आहे. त्यानं गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही कासव आपलं वाटायला लागतं. पण दोन गोष्टी आधी कागदावर लिहून गावकीत मंजूर करा. पहिली: पिल्लं आली तर दिसतील, नाही आली तर नाही, पैसे परत मिळणार नाहीत आणि पिल्लं अडवली जाणार नाहीत. दुसरी: येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागं ठरलेली रक्कम सामाईक निधीत जाईल, आणि त्यातून आधी गस्तवाल्यांची रोजंदारी निघेल. हे दुसरं नसलं तर काय होतं ते मी पाहिलंय. किनाऱ्यालगत ज्यांची पक्की घरं, त्या तीन-चार कुटुंबांकडे सगळे पाहुणे जातात. रात्री गस्त घालणारा मात्र वरच्या वाडीतला असतो. दोन हंगामांत तो यायचा बंद होतो, आणि त्याला दोष देता येत नाही. मच्छीमार वस्तीला तर यातून काहीच मिळत नाही, उलट किनाऱ्यावर होडी ओढायला मज्जाव होतो. त्यांना पहिल्या बैठकीपासून बोलवा.

आणि बायकांनाही. बैठकीला पुरुष, पाहुण्यांच्या जेवणाला बायका, अशी विभागणी आपोआप होते. ती होऊ देऊ नका. आसाममध्ये हरगिला नावाचा मोठा करकोचा लोकांच्या परसातल्या झाडांवर घरटी करतो. घाण आणि अपशकुनी म्हणून लोक झाडंच तोडत. पूर्णिमा देवी बर्मन यांनी गावातल्या बायकांना हाताशी धरून काम सुरू केलं, त्यातून हरगिला आर्मी उभी राहिली, पक्ष्याची चित्रं साड्यांवर विणली गेली, आणि २०२३ मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्या पक्ष्याचा दर्जा सुधारला. झाड तोडायचं की ठेवायचं हा निर्णय घरात होत होता, म्हणून काम घरापासून सुरू करावं लागलं. तुमच्याकडेही अंडी शेवटी शिजतात घरातच.

किनाऱ्याकडे येऊ. कासवीण आणि पिल्लं दोघंही क्षितिजावरचा उजेड बघून दिशा ठरवतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राकडची बाजू उजळ असते. मागं हॉटेलचा हॅलोजन लागला की पिल्लं रस्त्याकडे चालायला लागतात. नोव्हेंबर ते मे किनाऱ्याकडचे दिवे बंद, किंवा झाकलेले, खाली वळवलेले आणि तांबूस. हा ठराव ग्रामपंचायत आज करू शकते, खर्च जवळजवळ नाही. गाड्यांचंही तसंच. वाळूवर जीप फिरली की वाळू दबते, ते एक. पण चाकोरीचं दुखणं त्याहून वाईट. पिल्लू चाकोरीत पडतं, त्याला भिंत चढता येत नाही, मग ते चाकोरीच्या बाजूनंच चालत राहतं, कधी शंभर-दोनशे मीटर, आणि उजाडल्यावर कावळे येतात. किनाऱ्याच्या वाटेवर दोन दगडी खांब रोवा.

कुत्र्यांवर दगड मारत बसू नका. किनाऱ्यावरच्या खानावळींचं खरकटं आणि सुकवलेल्या मासळीचा कचरा उघड्यावर पडतो म्हणून ती तिथं आहेत. तो आधी आवरा.

सुरूच्या झाडांची लागवड भरतीरेषेच्या अगदी जवळ आली असेल तर तिथली नवीन रोपं थांबवायला वनखात्याशी बोला. सावली आणि मुळांच्या जाळ्यामुळं कासवीण तिथं खणू शकत नाही. धूपप्रतिबंधक बंधारा हा मात्र सगळ्यात अवघड विषय. ज्याचं घर समुद्र खातोय त्याला कासवासाठी थांब म्हणता येत नाही. पण बरेच बंधारे घर नसलेल्या लांबीवरही पुढं ढकलले जातात, आणि दगडांच्या त्या भिंतीसमोर पुळण उरतच नाही. इथं तुमची वही कामाला येते. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांत कासवांची वीण होते त्या जागा सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात, म्हणजे क्षेत्र १-अ मध्ये येतात. तारीखवार, जागेसह, वनखात्याच्या सहीनं ठेवलेल्या चार-पाच वर्षांच्या नोंदी असल्या तर नकाशात तो भाग दाखवून घेता येतो. नोंदी नसल्या तर तुमच्या किनाऱ्यावर कासवं येतात हे कागदोपत्री खरंच नसतं.

समुद्राचं न बोलता हे उत्तर पुरं होणार नाही. किनाऱ्यावर वाचवलेली हजारो पिल्लं एकीकडे आणि जाळ्यात बुडालेली एक प्रौढ मादी एकीकडे. कासव हवेत श्वास घेतं. ट्रॉलच्या जाळ्यात बराच वेळ ओढलं गेलं की गुदमरतं. ट्रॉलरवाल्यांशी भांडून काही होत नाही, माहिती देऊन होतं. २०१८ च्या अखेरीस राज्यात योजना आली: संरक्षित सागरी प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमारानं जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो किंवा व्हिडिओ लागतो. बंदरावर बसून हे दहा जणांना समजावून सांगा, अर्ज भरायला मदत करा. पहिल्या माणसाच्या खात्यात पैसे जमा झाले की पुढचं तेच बोलतात. आणखी एक: जाळ्यातून निघालेलं निपचित कासव मेलंय असं समजून लगेच पाण्यात टाकू नका. पोटावर पालथं ठेवा, मागचा भाग अर्धा फूट वर उचलून आधार द्या म्हणजे फुप्फुसातलं पाणी निथळेल, ओलं फडकं टाका, सावलीत ठेवा. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा ते हलायला लागतं. पावसाळ्यात जखमी कासवं किनाऱ्याला लागतात, बहुतेक तुटक्या जाळ्यात गुरफटलेली. त्यांना परत समुद्रात ढकलू नका, वनखात्याला कळवा.

किती वर्षं? तुम्ही सोडलेली मादी परत येऊन अंडी घालायला दहा ते पंधरा वर्षं जातात, आणि हजारातलं एखादंच पिल्लू तिथवर पोचतं असा ढोबळ अंदाज आहे. मधल्या काळात ती कुठं असते याचा अंदाज आता कुठं यायला लागलाय. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला प्रथमा नावाच्या कासविणीला उपग्रह टॅग लावला गेला, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेचा असा माग पहिल्यांदाच काढला जात होता. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री दक्षिणेला वळसा घालून श्रीलंकेवरून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२५ च्या जानेवारीत तर ओडिशात २०२१ साली खूणपट्टी लावलेली एक मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. दोन्ही किनाऱ्यांची कासवं निराळी असं समजून चाललेल्या आम्हा सगळ्यांना त्या एका पट्टीनं विचार करायला लावला. ती पट्टी वाचली गेली कारण त्या रात्री किनाऱ्यावर जागं असणारं कुणीतरी होतं. म्हणून तुमच्या गस्तवाल्यांना शिकवा: पुढच्या वल्ह्यावर धातूची छोटी पट्टी दिसली तर अंडी घालून झाल्यावर, ती परत फिरताना, आकडा वाचायचा, लिहायचा, पट्टी काढायची नाही.

तर या वर्षी एवढंच करा. सप्टेंबरात ग्रामसभेचा ठराव. ऑक्टोबरमध्ये अर्ज, आणि जिथं हॅचरी अनेक वर्षं चालते अशा जवळच्या गावी तुमच्यातले तिघं-चौघं आठवडाभर राहून येतील अशी व्यवस्था. त्यात तो अंडी काढणारा माणूस असलाच पाहिजे. किनाऱ्याचे शंभर-शंभर मीटरचे भाग पाडून झाडांवर, खांबांवर आकडे घाला. नोव्हेंबरपासून रोज पहाटे दोघांची जोडी. वहीत तारीख, वेळ, भाग, भरतीरेषेपासून अंतर, अंडी घातली की नुसती फिरून गेली, काय संकट आलं, एवढे रकाने पुरेत. जी घरटी पाण्यात जाणार हे नक्की, तेवढीच परवानगी असेल तर हलवा. बाकीची जाळी घालून जागेवर. मे महिन्यात ती वही ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि हॅचरी लागते की नाही हे त्या वहीवरून ठरवा. कदाचित चार भागांपैकी एकाच भागासाठी छोटीशी लागेल. आंब्याच्या हंगामात माणसं मिळत नाहीत, नेमकी तेव्हाच पिल्लं यायची असतात. मार्च-एप्रिलच्या रात्रींची पाळी आत्ताच नावानिशी लावून ठेवा.